‘क्लिअर’ कुणी म्हणायचं?

“…मग ‘क्लिअर’ मी कधी म्हणायचं, उस्ताद?”

उमाकांत देवकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळी उस्ताद चहा पीत होते. आता कप रिकामा होता.

उस्ताद म्हणजे तिमण्णा विटकर. घाटातला रस्ता रुंद करायला कातळ फोडायचं काम आमच्या टोळीकडे होतं. टोळीचे म्होरके ते. चाळीस वर्षं त्यांनी सुरुंग लावले. शाळेचं तोंड पाहिलं नाही. इंग्रजी शब्द तीनच येत. फायर, मिसफायर आणि क्लिअर.

फायर कुणीही ओरडावं. वात पेटवताना जो जवळ असेल तो ओरडे. मिसफायर म्हणजे भरलेला पण न उडालेला बार. तेही कुणी म्हटलं तर चाले. क्लिअर मात्र उस्ताद एकटेच म्हणत. ते म्हणाले की लाल बावटा खाली येई, दोन्ही अंगाला थांबवलेल्या गाड्या सुटत आणि टोळी कातळात उतरे. त्याआधी नाही.

बावटा मी धरत असे. बारा वर्षं धरला.

उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. महिनाअखेर ते गावी जाणार होते. उमाकांत त्यांच्या नात्यातलाच. आमच्या लोकांत डिप्लोमा झालेला पहिला. सुरुंग उडवायचा सरकारी परवाना त्याच्या खिशात होता. ठेकेदारानं त्यालाच पुढं करायचं ठरवलं होतं.

अडचण एक होती. टोळी म्हणत होती, उस्तादांनी तो शब्द ह्याला दिला तर आम्ही ह्याच्याबरोबर. नाही दिला तर आपापल्या वाटेनं.

परवाना कागदाचा होता. शब्द उस्तादांच्या तोंडात होता. तो मिळाल्याशिवाय उमाकांतला टोळी मिळत नव्हती.

“क्लिअर म्हंजे काय?” उस्तादांनी विचारलं.

उमाकांत हसला. “हे मला विचारता?”

“तुलाच. शिकलेला तू.”

“स्पष्ट. स्वच्छ. निर्मळ. मोकळं. अडथळा नसलेलं.” त्यानं बोटांवर मोजलं. “पाणी क्लिअर असतं. आभाळ क्लिअर असतं. मनातली शंका क्लिअर होते. परीक्षेचा पेपर क्लिअर होतो.”

“लई झाले की.”

“डिक्शनरीत अजून आहेत.”

“पाणी निर्मळ हाय, हे मी कवा वरडून सांगितलंय का?”

“नाही.”

“आभाळाचं?”

“नाही.”

“मग मी काय वरडतो?”

उमाकांतनं जरा विचार केला. “सगळे बार उडाले. आता धोका नाही. हे ओरडता.”

“ते तुला कशानं कळंल?”

“मोजून.”

उस्तादांनी कप पालथा ठेवला.

“मग उद्या तूच म्हण.”

उमाकांतला खरं वाटेना. “मी?”

“परवाना हाय न्हवं? म्हण.”

ते उठले आणि धोतर झाडून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा भोकं भरली. उमाकांतनं एकेक वात हातानं मापून कापली. पहिली आखूड, पुढची तिच्याहून बोटभर लांब, अशी. म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. हात सफाईचा होता. जे खरं ते सांगतो. भरण्यात त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

मग खडे वाटायची वेळ आली.

ही आमच्या टोळीची रीत होती. जितके बार, तितके खडे प्रत्येकानं डाव्या मुठीत घ्यायचे. एक बार उडाला की एक खडा खाली टाकायचा. शेवटी सगळ्यांनी हात उघडून दाखवायचे. नऊ माणसांचे नऊ हात रिकामे दिसले, की उस्ताद क्लिअर म्हणत. ही रीत दुसऱ्या कुठल्या टोळीत मी पाहिली नाही.

“उस्ताद, ही बालवाडी आहे का?” उमाकांत म्हणाला. “नियमात लिहिलंय, मोजायचं परवानेवाल्यानं.”

“तू मोज की. कोण नको म्हणतंय.”

“मग ह्यांना खडे कशाला?”

“सवय,” उस्ताद म्हणाले आणि स्वतःचे अकरा खडे वेचू लागले. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून चाचपून वेचत होते.

शेवटी खडे घेतले नागव्वानं. साठीची बाई. खडी फोडून फोडून तिचा एक कान गेलेला, दुसरा अर्धा. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि कातळावर अनवाणी उभी राहिली. बार ती तळव्यांनी मोजत असे. घाटात एक आवाज दोनदा येतो, पाय दोनदा हलत नाही, असं ती म्हणे.

“बहिरी माणसंही मोजणार,” उमाकांत माझ्याजवळ येऊन हळू बोलला.



तेवढ्यात माझ्या बावट्यासमोर एक गाडी येऊन थांबली. वऱ्हाडाची गाडी. पुढच्या काचेला हार. आत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. दार उघडून त्याचा मामा उतरला. फेटा, गळ्यात उपरणं, हातात घड्याळ.

“अहो बॉम्बवाले! किती वेळ?”

“बार उडेपर्यंत,” मी म्हणालो.

“मुहूर्त बारा पस्तीसचा आहे.”

“आता साडेदहा वाजलेत.”

“पलीकडचं गाव अजून वीस मिनिटांवर आहे, राव!”

मी बावटा हलवला नाही. तो आमच्या मुठींकडे बघत राहिला. “आणि हे गोट्या घेऊन काय खेळ मांडलाय?”

“फायर!” उमाकांत ओरडला.

त्यानं वाती पेटवल्या आणि वळला. पळाला नाही. चालत आला. तेही मला आवडलं.

पहिला बार. दुसरा. तिसरा. दरीच्या पलीकडून प्रत्येक आवाज परत येत होता. चौथा, पाचवा, सहावा. सातवा आणि आठवा एकमेकांच्या अंगावर आले. नववा. दहावा उशिरा आला. मग अकरावा.

धुरळा वर गेला. दगड पडायचे थांबले. सगळं शांत झालं.

“हात,” उमाकांत म्हणाला.

आम्ही हात उघडले. माझा रिकामा. उस्तादांचा रिकामा. आठ हात रिकामे.

नागव्वाची मूठ बंद होती.

“मावशी, मूठ उघडा.”

तिनं उघडली. मधोमध एक खडा.

“मला दहाच लागले रं,” ती म्हणाली.

“सातवा आणि आठवा जोडून आले, मावशी. मी नीट ऐकलंय. अकरा झाले.”

“आसतील बाबा.”

“मग टाका तो.”

नागव्वानं उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद दरीकडे तोंड करून उभे होते.

वऱ्हाडाच्या गाडीनं हॉर्न दिला. मागच्या चार गाड्यांनीही दिला.

“तिकडं काय बघता?” उमाकांतचा आवाज चढला. “आज उस्ताद नाहीत. मी आहे. टाका म्हणतोय ना.”

तिनं हात उलटा केला. खडा कातळावर पडला.

“क्लिअर!”

घाटानं ते दोनदा म्हटलं.

कुणी हललं नाही.

“बावटा खाली घ्या!” तो माझ्याकडे बघून ओरडला.

मला ऐकू आलं होतं. मी घेतला नाही.

“अहो, क्लिअर म्हणाले ना ते?” मामा हात नाचवत पुढं आला. “साहेब म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलं! मग आता काय ताम्रपट पाहिजे का तुम्हाला?”

उमाकांतचा चेहरा लाल झाला. त्यानं आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. आम्ही खाली पाहिलं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “आधी मी जातो. माझा मीच जातो. मग तर याल?”

आणि तो कातळाकडे निघाला. ताठ मानेनं. दहा पावलं गेला असेल.

उस्ताद खाली बसले. नागव्वाच्या पायांजवळ त्यांनी हात फिरवला. चाचपडत चाचपडत तो खडा शोधून काढला. उभे राहिले. मूठ मिटली.

“उमाकांता.”

तो थांबला.

“माझ्या हातात खडा हाय.”

“तुमचा हात रिकामा होता! सगळ्यांनी पाहिलाय.”

“व्हता.”

“मग?”

“आता हाय.”

उमाकांत वळून बघत राहिला… मग टोळीतला एक जण वाकला. एक खडा उचलून त्यानं मुठीत घेतला. दुसरा वाकला. तिसरा. कुणी कुणाला सांगितलं नाही. मी बावटा काखेत धरला आणि वाकलो.

उमाकांतची पावलं मागं वळली. तो येऊन कठड्यावर बसला.

“एक तास,” उस्ताद म्हणाले. बार राहिल्याची शंका आली, तर तासभर कुणी खाली उतरायचं नाही, असा नेम होता.

“एक तास?” मामा ओरडला. “अहो, लग्न आहे! बारसं नाही!”

“पाव्हणं, सावलीला बसा.”

मामा सावलीला गेला नाही. गाडीभोवती फेऱ्या घालत राहिला. दर फेरीला घड्याळ बघे आणि आमच्याकडे बघून काहीतरी पुटपुटे. नवरदेव खिडकीतून टकामका बघत होता. त्याला कुणी पाणी नेऊन दिलं.

उस्ताद उमाकांतच्या शेजारी येऊन बसले.  मी चार हातांवर होतो. ऐकलं ते लिहितो.

“उस्ताद, तुम्ही किती मोजले?”

“अकरा.”

“मीही अकरा मोजले.”

“व्हय.”

“मग मी चुकलो कुठं?”

“चुकलास आसं कोण म्हणालं?”

उमाकांतनं एक काटकी उचलली, मोडली, फेकून दिली.

“तुमचं मोजणं कधी चुकलंय?”

उस्तादांनी दरीकडे तोंड वळवलं. मला वाटलं, ऐकलं नसेल. मग म्हणाले,

“एकदा.”

“कधी?”

“कालव्याचं काम व्हतं. तेरा बार. मी तेरा मोजले. टोळीतली एक बाई म्हणाली, बाराच झाले. तवा खडं नव्हतं. नुसतं तोंडानं म्हणाली.”

“मग?”

“मी हसलो. म्हणालो, कानात तेल घाल. सगळी टोळी हसली.”

उमाकांतनं दुसरी काटकी उचलली.

“आन् मी क्लिअर म्हणालो.”

खाली दरीत एक पक्षी ओरडला. उस्तादांनी मुठीतला खडा अंगठ्यानं फिरवला.

“तिचा नवरा पयला उतरला.”

उमाकांतनं मान वळवली. नागव्वा लांब बसली होती. दोन्ही तळवे अजून कातळावर टेकलेले. सगळं वऱ्हाड आपल्यामुळं अडलं म्हणून पदरात तोंड घालून.

“हीच?”

“हीच.”

त्या कालव्यावर मीही होतो. मीही हसलो होतो. उस्तादांच्या तोंडून नागव्वाच्या नवऱ्याचं नाव मी पंचवीस वर्षांत ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही नाव आलं नाही.

“आणि तरी ती…” उमाकांत परत उस्तादांकडे वळला. “तरी ती रोज तुमच्या शब्दावर खाली उतरते?”

उस्तादांनी त्याच्याकडे तोंड केलं. त्या पांढऱ्या डोळ्यांना त्याचा चेहरा दिसला असेल की नाही, मला माहीत नाही.

“माझ्या शब्दावर?” ते म्हणाले. “माझ्या शब्दावर हितं कोण उतरत न्हाई.”



थोड्या वेळानं उमाकांत उठला. नागव्वाजवळ गेला. उभाच राहिला आधी. मग उकिडवा बसला. तिच्या बऱ्या कानाच्या बाजूला.

“मावशी, मी टाका म्हणालो. तसं म्हणायला नको होतं.”

“आरं, मी टाकला की लगीच. तू सांगितलंस न्हवं.”

“हो.”

“पर हातातला टाकला.” तिनं आपल्या पायावर हात ठेवला. “ह्यातला कसा टाकू?”

तो तिच्या पायाकडे बघत बसला. टाचेला भेगा होत्या. भेगांत दगडाची पांढरी पूड.

“तुम्हाला नक्की दहाच लागले?”

“नक्की कसं सांगू? म्हातारी झाले मी. चुकत आसंल.” ती थांबली. “पर हे तू आत्ता इचारतोस.”

तास भरला. उस्ताद उठले.

“मी येऊ?” उमाकांतनं विचारलं.

“न्हाई.”

ते एकटे उतरले. आम्ही वरून पाहत होतो. दिसत नसलेला माणूस फुटलेल्या कातळावरून चालला होता. प्रत्येक भोकाच्या जागी बसे. हातानं चाचपे. दगड बाजूला सारून आत बोटं घाले. बूड फुटलंय का बघे. मग पुढं सरके. आमच्यापैकी कुणी खोकलंही नाही. मामासुद्धा फेऱ्या घालायचा थांबला होता.

सात. आठ. आठव्याशी फार वेळ लागला…

नऊ. दहा. अकरा.

ते वर आले. हात दगडाच्या पुडीनं पांढरे झाले होते.

“अकराच्या अकरा उडालेत,” ते म्हणाले.

नागव्वानं कपाळावर हात मारून घेतला. “बघा! माझ्यापायी तास गेला. लगीन खोळंबलं लोकांचं.”

“म्हणजे काहीच नव्हतं?” मामा पुढं आला. “ह्या बाईंच्या चुकीपायी आम्ही उन्हात भाजलो? मुहूर्ताला अर्धा तास उरला की हो!”

उस्ताद त्याच्याकडे वळले.

“पाव्हणं, नवरदेव हाय न्हवं जागेवर?”

“आहे की!”

“मग झालं.”

 मामानं गाडीकडे पाहिलं. मग उपरण्यानं मान पुसली.

उस्ताद नागव्वाजवळ गेले. सगळ्यांदेखत म्हणाले, “नागव्वा, उद्या बी चपला काढूनच हुबी ऱ्हा.”

तिनं मान हलवली.

मग त्यांनी मूठ उघडली. खडा पडू दिला. आम्हीही आमचे टाकले. नऊ हात वर आले. नऊही रिकामे.

“म्हण,” उस्ताद उमाकांतला म्हणाले.

ज्यासाठी तो महिनाभर त्यांच्या मागं फिरला होता ते हेच होतं. सगळी टोळी समोर. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. मी बावट्याची काठी सैल धरली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

उमाकांतनं छाती भरून घेतली. तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

त्यानं कातळाकडे पाहिलं. नागव्वाकडे पाहिलं. ती पायात चप्पल घालत होती. सगळ्यांत पहिली उतरणारी तीच असते. मग त्यानं उस्तादांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

“अहो, म्हणा की!” मामा हात जोडून म्हणाला. “एक शब्द आहे. एवढा शिकलेला माणूस तुम्ही!”

उमाकांतनं भरलेली छाती सोडून दिली.

“उस्ताद, राग मानू नका.”

“बोल.”

“तुम्ही बघून आलात…” तो अडखळला. “मी नाही बघितलं.”

टोळीत कुजबुज झाली. चाळीस वर्षांत उस्तादांना असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. एक जण तर पुढं सरसावला, त्याला मी हातानं धरलं. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. मामा रस्त्यावरच खाली बसला.



उस्ताद नागव्वाच्या शेजारच्या दगडावर टेकले. पाय पसरले. आम्ही जसे बसतो तसे बसले, शेवटच्या गड्यासारखे.

“जा,” ते म्हणाले. “आम्ही थांबतो.”